चणक मासा गरवणाऱ्याला कंपनीची स्पॉन्सरशिप आलीय, घेऊ की नको? अनुभव असलेल्यांनी सांगा

माशेलचो_गरीकार:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचून सांगा.

मी माशेलचा, नोकरी वेर्ण्याला. शिफ्ट सुटली की बॅग टाकायची आणि बांधावर जायचं हे माझं गेली सहा वर्षं चाललंय. लहानपणी आजोबांबरोबर तंगूस आणि हातगरीवर काळुंद्रं, शेवटे असले मासे काढायचो, आता रॉड-रील आणि ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, चणक (जिताडा) आणि तामसो. इन्स्टावर पेज आहे, गेल्या पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात एक नऊ किलोचा चणक लागला, तो सोडतानाचा व्हिडिओ इतका फिरला की दोन महिन्यांत अकरा हजार फॉलोअर झाले. चार दिवसांपूर्वी एका टॅकल कंपनीचा, म्हणजे गरवायचं सामान बनवणाऱ्यांचा, मेसेज आला, तुम्हाला प्रो-स्टाफ म्हणून, म्हणजे आमचं सामान वापरून दाखवणारा म्हणून, घेऊ इच्छितो. दोन रॉड, एक रील, ल्युअरचा डबा, जर्सी, आणि माझ्या नावाचा ३० टक्के डिस्काउंटचा कोड. पैसे नाहीत.

त्यांच्या अटी अशा. वर्षभर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं सामान व्हिडिओत दिसायला नको. महिन्याला चार व्हिडिओ, २५ तारखेच्या आत. प्रत्येक व्हिडिओला लोकेशन टॅग पाहिजेच, कारण म्हणे लोक 'गोवा फिशिंग स्पॉट' असं शोधत येतात. आणि व्हिडिओ ते कायमचे कुठेही वापरू शकतात.

खरं सांगायचं तर मेसेज वाचला तेव्हा हात थरथरत होते. त्यांची रील मी तीन वर्षं दुकानाच्या काचेतून बघतोय. यूट्यूबवर अमेरिकेतले बास मासा पकडणारे बघतो, अंगभर लोगोचा शर्ट, गाडीसारखी चकचकीत बोट, वाटतं आपल्याकडेही असं कधीतरी होईल. त्यांचं घर यावर चालतं का खरंच? आणि मी हे घ्यावं का? आईला सांगितलं तर ती म्हणाली, फुकटचं कोण कुणाला देतं रे.

---

साळकाठ:

भावा, आधी अभिनंदन, कारण असा मेसेज आला म्हणजे तुझ्या कामाची कुणीतरी दखल घेतली, ते खोटं नाही. आता माझं ऐक, मी दोन वर्षं एका कंपनीचा प्रो-स्टाफ होतो, नाव घेत नाही.

पहिला डबा आला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून उघडला होता. सहा महिने मजेत गेले. मग जून आला. तुला माहीत आहे पावसात आपल्या नद्यांचं काय होतं ते, साळ नदी चहासारखी लाल, वरून झाडाच्या फांद्या, प्लास्टिक सगळं वाहत येतं, आठ-आठ दिवस एक टोचा नाही. पण २५ तारीख कुणासाठी थांबत नाही. भांगाचे दिवस, भरती-ओहोटी नावापुरती, पाणी जागचं हलत नाही, चणक तोंड उघडणार नाही हे मला पक्कं ठाऊक, तरी ड्युटी करून रात्रभर काठावर उभा, कारण व्हिडिओ द्यायचाय. घरी बायको बोलायची बंद झाली होती.

आणि एक गोष्ट सांगतो जी मी आजवर इथे लिहिली नव्हती. ऑक्टोबरमध्ये एकदा पहाटे तीनला सहा-साडेसहा किलोचा चणक लागला. हेडटॉर्चच्या उजेडात त्याचा डोळा माणकासारखा लाल चमकत होता, इतका सुंदर मासा. कंपनीचं सांगणं असायचं की रात्रीचे व्हिडिओ चालत नाहीत, दिवसाउजेडी लोगो दिसला पाहिजे. मी त्याच्या जबड्यातून दोरी ओवून खारफुटीच्या मुळाला बांधून ठेवला, उजाडेपर्यंत. मधेमधे बघत होतो, कल्ले हलत होते. साडेसहाला उजेड झाला, शर्ट घातला, कॅमेरा लावला, चार फोटो काढले आणि सोडायला गेलो तर तो पोट वर करून तरंगायला लागला. अर्धा तास पाण्यात उभा राहून त्याला पुढे-मागे हलवत होतो. नाही वाचला. त्या फोटोखाली मी 'कॅच अँड रिलीज' लिहिलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांत सोडलं सगळं.

हिशेब विचारशील तर दोन वर्षांत सामान आलं साधारण ४० हजारांचं, आणि पेट्रोल, होडीचं भाडं, रजा धरून माझे त्याच्या दुप्पट गेले. कोडवरून विक्री झाली त्याचा एक पैसा मला नव्हता.

---

पर्वरीचो_पावलू:

अमेरिकेतल्या बासबद्दल विचारलंयस म्हणून लिहितो. मी सात वर्षं टेक्सासला होतो, दर शनिवारी तळ्यावर.

पहिली गोष्ट, त्यांचा लार्जमाउथ बास आणि आपला चणक यांचं नातं काही नाही. तो गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला, दोन-तीन किलोचा लागला तरी लोक नाचतात. विश्वविक्रमच २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर, १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने पकडलेला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. तुझा नऊ किलोचा बघून टेक्सासवाल्याची झोप उडेल. पण स्वभाव सारखा, आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की झडप, म्हणून त्यांचे पॉपर, रबरी बेडूक, जर्कबेट हे ल्युअर आपल्याकडे चणकावर चालतात.

आता पैशाचं. हा सगळा खेळ उभा केला रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटने. १९६७ साली आर्कान्साच्या बीव्हर लेकवर त्याने पहिली स्पर्धा घेतली, माणशी १०० डॉलर एंट्री फी. पुढच्या वर्षी बास नावाची संघटना काढली. १९७१ मध्ये पहिली बासमास्टर क्लासिक, लेक मीडवर, स्पर्धक विमानात बसल्यावर त्यांना कळलं कुठे चाललोय, जिंकणाऱ्या बॉबी मरेला १० हजार डॉलर. आज तीच स्पर्धा जिंकणाऱ्याला ३ लाख मिळतात. हे ऐकून डोळे दिपतात, पण क्लासिक वर्षातून एकजणच जिंकतो. बाकीचे सगळे एंट्री फी भरून उतरतात, वर्षाची फी हजारो डॉलरमध्ये, वर डिझेल, मोटेल, बोटीचा हप्ता. मुळात बक्षिसाचा बराच पैसा हा हरणाऱ्यांच्या खिशातून आलेला असतो. म्हणून त्यांना स्पॉन्सर लागतात, हौस म्हणून नाही.

आणि स्पॉन्सर तरी कशाचे पैसे देतो? मासे पकडण्याचे नाही. मी एका बोट शोमध्ये एका प्रोला बघितलं, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत स्टॉलवर उभा, तोच एक ल्युअर हातात धरून शंभर लोकांना तेच समजावतोय, पोरांच्या टोप्यांवर सह्या करतोय, एकदाही तोंड वाकडं नाही. केविन व्हॅनडॅमसारखा माणूस, चार क्लासिक आणि सात वेळा अँगलर ऑफ द इयर, २०२३ मध्ये निवृत्त झाला, त्याच्या नावाचे ल्युअर निघाले. तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या खाली हजारो पोरं आहेत ज्यांना नुसता कोड मिळतो, तिथेही त्याला प्रो-स्टाफच म्हणतात. तुला आलेली ऑफर त्या खालच्या पायरीची आहे. वाईट मानू नकोस, सगळे तिथूनच सुरू करतात, पण ती पायरी कुठली ते कळायला हवं.

एक चांगली गोष्टही सांगतो, कारण ती मला मनापासून आवडते. स्कॉटने १९७२ मध्येच मासे सोडायचा नियम आणला. बोटीत हवा खेळणारी टाकी, मासा जिवंत वजनाला आणायचा, मेलेला आणला तर वजनातून दंड कापतात. नंतर निघालेल्या मेजर लीग फिशिंगमध्ये तर तिथल्या तिथे बोटीतच वजन आणि लगेच पाण्यात. साळकाठ, तुझं वाचून वाटलं, हा नियम आपल्या कंपन्यांनी का नाही घेतला? शर्ट तेवढा घेतला.

बक्षीस वाढलं की लबाडीही येते तेही लक्षात ठेवा. बऱ्याच स्पर्धांत जिंकणाऱ्याला लाय डिटेक्टरला बसवतात. २०२२ मध्ये क्लीव्हलँडला वॉलाय माशाच्या स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते, पकडले गेले, तुरुंगात गेले, बोट जप्त झाली.

---

खाजनाकडचो:

वय झालंय, टायपिंग हळू आहे. मी मासेमार नाही, मी शेतकरी. आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत आहे, कुठलं ते सांगत नाही आणि का ते पुढे कळेल.

बाळा, तू ते लोकेशन टॅगचं एका ओळीत लिहून पुढे गेलास. माझ्यासाठी तुझ्या त्या पोस्टमधली तीच एक ओळ महत्त्वाची आहे.

तुम्ही लोक चणक कुठे गरवता? मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ. सुकती (ओहोटी) लागली की मानशीची दारं उघडतात, आतलं पाणी खाडीला जातं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), बारीक मासळी बाहेर येते, आणि चणक तोंडाशी वाट बघत असतो. भरतीला पाणी दारांवर रेटतं, दारं आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात येत नाही. आमच्या बापजाद्यांनी ही अक्कल लढवली, वीज नाही, मोटर नाही. त्या मानशीच्या मासळीची दरवर्षी पावणी (लिलाव) होते, जो पावणी घेतो त्याने पैसे मोजलेले असतात, त्याच पैशातून बांधाची डागडुजी होते. तुम्हाला तो 'स्पॉट' दिसतो.

दोन वर्षांपूर्वी एका पोराने आमच्या मानशीवरचा व्हिडिओ टाकला, मागे बांधावरची घुमटी, म्हणजे छोटं देऊळ, स्पष्ट दिसत होती आणि वर गावाचं नाव. पुढच्या रविवारी अठरा मोटारसायकली मोजल्या मी. चिऱ्यांच्या कडेवर गाड्या चढवल्या, कड ढासळली. पावणीवाल्याच्या जाळ्यात तीन-तीन तोंडाच्या गऱ्या अडकलेल्या, काढताना त्याचा अंगठा फाटला. पण खरं नुकसान वेगळं. कुणीतरी एका दाराच्या फटीत दगड लावून ठेवला, पाणी वाहतं राहावं म्हणून, म्हणजे मासा येत राहील. रात्री उधाणाची भरती. दार मिटलं नाही. सकाळी गेलो तर कोरगुट भाताची रोपं गुडघाभर खाऱ्या पाण्यात. कोरगुट खारं सोसतो म्हणतात, सोसतो, पण कोवळ्या रोपाला एवढं नाही सोसत. अर्धं शेत गेलं. ज्याने दगड लावला तो वाईट नसेल, त्याला ठाऊकच नसेल दार कशाला आहे. व्हिडिओत ते कुणी सांगितलं नव्हतं ना.

कंपनी तुला रॉड देते, बरं. पण बदल्यात तू जे देतोस ते तुझं आहे का ते बघ. जागा तुझी नाही.

---

बोरीची_मत्स्यकन्या:

काकांचं वाचून अंगावर काटा आला. मी मत्स्यशास्त्र शिकलेय, म्हणून एका गोष्टीची भर घालते जी चणकवाल्या सगळ्यांना माहीत असावी.

चणक जन्माला येतो तो बहुतेक नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि मग मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण ८० सेंटीमीटरच्या पुढचे जे तुम्ही फोटोसाठी शोधता त्या बहुतेक माद्या असतात, अंडी त्यांच्याच पोटात, आणि एकेक मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. अंडी घालायला त्या खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात येतात, तो काळ आपल्या पावसाळ्याच्या आसपासचा. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात, तिथे क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटीमीटरच्या खालचा आणि १२० च्या वरचा ठेवायचा नाही असा नियम आहे, म्हणजे लहानही वाचतो आणि मोठी आईही वाचते. सरकारने इथे तसा नियम करेपर्यंत तुम्ही स्वतःला घालून घ्या ना.

आणि सोडायचाच असेल तर नीट सोडा. तीन तोंडाच्या गरीऐवजी एक तोंडाची, तिचा काटा पकडीने दाबून टाकलेला. हात ओले करून धरा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, मोठ्या माशाचं सगळं वजन मानेवर येतं, एक हात पोटाखाली हवाच. कल्ल्याच्या झाकणाला हात लावू नका, त्याची धार ब्लेडसारखी असते. फोटो पाण्यातच काढा. साळकाठ दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ते वाचून कुणीतरी दोरी खाली ठेवेल.

---

फोंड्याचो_सीए:

दोन कामाचे मुद्दे, पटकन. फुकट सामान हे फुकट नसतं. जुलै २०२२ पासून नियम आलाय, धंद्याच्या नात्याने एका वर्षात २० हजारांच्या वर वस्तू मिळाली आणि ती तुम्ही ठेवून घेतली तर कंपनीने त्यावर १० टक्के टीडीएस भरायचा असतो आणि ते तुमचं उत्पन्न धरलं जातं. दोन चांगले रॉड आणि ती रील, २० हजार सहज पार होतील, रिटर्नमध्ये दाखव. दुसरं, पैसे मिळोत वा नुसतं सामान, पोस्टवर ती जाहिरात आहे असं लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेचं तसं मार्गदर्शन २०२१ पासून आहे. आणि ते 'कायमचे कुठेही' हे शब्द काढून घे. उद्या तू दुसरीकडे गेलास तरी तुझा चेहरा त्यांच्या डब्यावर राहील. मुदत घाल, एक वर्ष म्हण.

---

साळकाठ:

सीए साहेबांचं बरोबर. माझे फोटो अजून त्यांच्या पेजवर आहेत. तो चणकवालाही आहे. दोनदा लिहिलं काढा म्हणून, उत्तर नाही.

माशेलकर, मी घेऊ नको असं म्हणत नाही. चांगलं सामान सगळ्यांनाच हवं असतं. पण महिन्याला चार असा आकडा कबूल करू नकोस, वर्षाला इतके असं म्हण, म्हणजे तू पाणी बघून जाशील, तारीख बघून नाही.

---

माशेलचो_गरीकार:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन रात्री हे परत परत वाचतोय.

काका, तुमचं वाचल्यावर मी माझा तो नऊ किलोवाला व्हिडिओ पुन्हा उघडून बघितला. मागे मानस दिसतेय. मी टॅग टाकला नव्हता, पण ओळखणाऱ्याला ओळखू येईल अशी दिसतेय, आणि खाली एकाने नाव विचारलंय, दुसऱ्याने सांगितलंय. मला आठवलं, त्यानंतरच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिथे नवीन चारजण होते आणि मला उगाच अभिमान वाटला होता. व्हिडिओ काढून टाकला. अकरा हजारातले निम्मे त्याच्यामुळे आले होते, गेले तर जाऊ देत.

कंपनीला काल लिहून पाठवलंय. लोकेशन टाकणार नाही, मानस, बांध, घुमटी काही दिसणार नाही, जवळून हात, मासा आणि पाणी एवढंच. वर्षाला वीस व्हिडिओ, जून ते सप्टेंबर सक्ती नाही. रात्री लागलेला मासा रात्रीच सोडणार, उजेडासाठी थांबवणार नाही. ८० सेंटीमीटरच्या वरचा पाण्याबाहेर काढणार नाही. व्हिडिओ वापरायची मुदत एक वर्ष. आणि त्यांच्या ल्युअरवर ज्या तीन तोंडाच्या गऱ्या येतात त्या बदलून मी एक तोंडाच्या लावणार आणि ते व्हिडिओत दाखवणार. बघू काय म्हणतात. नाही म्हणाले तर माझा जुना रॉड आहे, टोक एकदा तुटलंय पण चालतो.

पावलू भाई, ती दंडाची गोष्ट मी त्यांना लिहिली आहे, मेलेल्या माशाचे गुण कापणारी एखादी छोटी स्पर्धा इथे घ्याल का म्हणून.

काका, एक विचारायचं होतं. ती चिऱ्यांची कड ढासळलेली तुम्ही म्हणालात, ती बांधून झाली का? नसेल तर आम्ही चौघं मित्र येतो, गऱ्या घरी ठेवून. गाव मला मेसेजमध्ये सांगा, इथे नको.

---

खाजनाकडचो:

अर्धी झालीय. अमावस्येला ये. जेवून निघा, दुपारी एकच्या पुढे सुकती लागते, मग तीन-चार तास चिखल उघडा असतो तेवढ्यात काम होतं. चपला नकोत, रुततात. गाड्या देवळाकडे लावून चालत या.

मेसेज करतो.